डावीकडचा फोटो

"हनुवटी खाली, पैलवान. हसायचं नाही," फोटोवाला म्हणाला.

हसतंय कोण? पैलवान भिंतीला टेकला होता, कारण टेकल्याशिवाय त्याला उभंच राहता येत नव्हतं. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. बायको बाजूला त्याची चप्पल धरून उभी. सुजलेल्या पायात ती जातच नव्हती. याच भिंतीपुढे आठ महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या सगळ्यांचे फोटो काढले होते. तेव्हा हाच माणूस दोन खांद्यांवर दोन पोती घेऊन जिना चढायचा आणि मधुमेहाची गोळी रोज न चुकता घ्यायचा.

कारखाना पावडरचा. 'मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या सुटतात' असं डब्यावर छापलेलं. डब्यांना कागद चिकटवायचं काम तिचं, पोती मिक्सरमध्ये ओतायचं त्याचं. आत काय जातं ते त्याला पाठ होतं: पीठ, पीठ आणि पीठ. फक्त शेवटचा एक छोटा डबा साहेब स्वतः ओतायचे, दार लावून.

"खरं औषध त्यातच आहे बघ," तो बायकोला म्हणायचा. "नाहीतर माणूस दार कशाला लावेल?"

त्या बंद दाराच्या भरवशावर त्याने गोळी सोडली आणि पावडर खायला लागला. पुढे तो छोटा डबा कचऱ्यात सापडला तेव्हा बायकोने वाचलं: खाण्याचा हिरवा रंग. तोवर नवऱ्याची मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि पायाचा अंगठा काळा पडला होता.

फोटोनंतर पंधरवड्याने नवे कागद आले. डावीकडे आताचा सापळा, खाली 'आधी'. उजवीकडे जुना पैलवान, खाली 'नंतर'. ती गठ्ठा घेऊन तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, छापणाऱ्याने घोळ घातलाय. फोटो उलटे लागलेत."

"उलटे नाहीत गं बाई," साहेब मान वर न करता म्हणाले. "चिकटव जा. त्याच्या दवाखान्याचं मी बघतोय ना?"

साहेबाला खोटारडा तरी कसं म्हणायचं? दोन्ही फोटो खरेच होते. तिने गठ्ठा त्याच्या टेबलावर टाकला आणि बाहेर पडली.

बाकीच्या बायकांनी चिकटवलेले डबे खालच्या दुकानात विकायला लागलेही होते. फाटकाशी एक मावशी तसलाच डबा निरखत होती.

"लेकीसाठी दुसरा डबा नेतेय. हे खरंच इतके सुधारले का हो?"

"माझा नवरा आहे तो. चला, दाखवते."

घर दोन गल्ल्या सोडून. बायकोने सगळं सांगितलं तसं पैलवानाने खाटेवर पडल्यापडल्या पायावरची चादर स्वतःच बाजूला केली. अंगठा आता नव्हताच, पट्टी होती.

"मावशी, पोती मीच ओतलीत. नुसतं पीठ आहे. मला ठाऊक होतं, तरी खाल्लं. लेकीला म्हणावं, गोळ्या सोडू नको."

मावशीने पाय पाहिला. डब्यावरचा माणूस खाटेवरच्या माणसाशी ताडून पाहिला. बराच वेळ.

"तुम्हाला लागू पडलं नसेल," ती हळूच म्हणाली. "एकेकाची प्रकृती असते. तिला बरं वाटतंय की. गोळ्या सोडून दोन महिने झाले."

तिने डबा पिशवीत घातला आणि उठली. बायकोच्या ओठांवर शिवी आली होती. पैलवानाने हातानेच तिला थांबवलं.

"पाणी दे आधी त्यांना," तो म्हणाला. "लांब जायचंय."