पंचफुलाची कॅसेट

ऊसतोडीच्या तळावरून परतून महिनाही झाला नव्हता, तोच किशनराव मुकादमाने गोजरबाईच्या मेलेल्या लेकीचं हसं केलं.

सोनपेठच्या बाजाराहून पाहुणे आले होते. मुकादमाने टेपची वायर विजेच्या बोर्डात घातली आणि त्या लेकीची, पंचफुलाची, कॅसेट लावली. ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीपुढे बसून ती गायची, तेव्हा त्यानेच भरून घेतलेली. तिची गाणी सगळी उदास आणि संथ. दोन शब्दांच्या मधे माणसाने बिडी पेटवून घ्यावी. आता मात्र टेपमधून उंदरासारखा चिरका, घाईघाईचा आवाज निघाला. पाहुणे पोट धरून हसले. त्याच्या घरी कामाला येऊन परसात भांडी घासणाऱ्या गोजरबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

ती दारात आली. "बंद करा ते. माझी पोरगी अशी गात नव्हती."

"टेप काय खोटं बोलायलाय का?" मुकादम म्हणाला. "तापानं आवाज चिरकला आसंल तिचा."

ताप! तो शब्द या माणसाने तोंडातून काढावा? लाज कोळून प्यालेला माणूस.

गोजरबाईला तळ आठवला. तिथे वीज कुठली? सेल उतरले की मुकादम ते चुलीपाशी शेकायचा आणि त्याच मरतुकड्या सेलांवर टेप चालवायचा. मंद फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं विजेच्या जोरावर उधळणारच.

वळचणीला टाकलेले तळावरचे ते जुने सेल तिने वेचले, चुलीजवळ शेकले, पदराने पुसले आणि मुकादमापुढे धरले.

"ह्ये घाला. मग हसा."

पाहुण्यांपुढे नाही कसं म्हणणार? त्याने वायर काढून सेल घातले.

टेप कण्हत फिरला आणि पंचफुला आली. जड आवाजात, थांबत थांबत. "माय, वाट लांबली, पाय चालंना..." गोजरबाई उंबऱ्यात बसली आणि पोटभर रडली.

शेवटचं गाणं मधेच तुटलं. खोकला आला. मग गोजरबाईचाच आवाज: "मुकादम, पोरगी तापानं फणफणायलीय. गाडी द्या, दवाखान्यात न्यायचंय." तळावर गाणं भरताना टेप बंद करायचा राहिला होता हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

त्यामागोमाग किशनराव, सावकाश आणि स्पष्ट: "आधी ऊस भरा. मग बघू."

मुकादमाचा हात बटणाकडे गेला. गोजरबाईने त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता तुमचा आवाज बराबर यायलाय."