केळ्याचा वास न येणारा नर

माझ्याकडे एकच माशी उरली होती, तोही नर.

सत्त्याऐंशीचा मे. मुलुंडला आमच्या संस्थेत फळमाश्या गार ठेवायची पेटी शनिवारी बंद पडली आणि सोमवारी दार उघडेपर्यंत माझ्या सगळ्या कुप्यांची वाट लागली. तीन वर्षांची मेहनत! मी वाढवलेल्या या जातीच्या माशीला केळ्याचा वास येतच नाही, असं मी छातीठोकपणे सांगत होते. माझे मार्गदर्शक नाबर सर मात्र म्हणायचे, "कुंदा, तुझी सुई चुकत असेल." म्हणजे माशी धड, बिघाड माझ्यात. डोकं फिरायचं माझं.

माशी वास घेते ती डोक्यावरच्या दोन इवल्याशा शृंगिकांनी. तिथे केसाहून बारीक काचेची सुई टोचायची आणि वासाचा झोत सोडायचा. आतल्या चेतापेशींना वास कळला की पडद्यावरची हिरवी रेघ उसळते. पण एकदा सुई टोचली की ती माशी काही जगत नाही.

आज दुपारी मुदतवाढ ठरवणारी समिती येणार होती. केळ्याच्या वासाला रेघ हलत नाही हे दाखवलं तर माझी शिष्यवृत्ती चालू, नाहीतर महिनाअखेरीला घरी. पण त्याआधी या नराचं मादीशी जुळलं नाही, तर त्याची जातच संपणार होती. जुळलं, तर त्याचा दोष मुलींमार्फत नातवांत उतरला असता.

म्हणून सकाळपासून त्याला उसन्या आणलेल्या तीन साध्या माद्यांबरोबर कुपीत सोडून मी भिंगातून बघत बसले होते. नवरदेव ढिम्म! काचेवर चढायचा, उतरायचा, पाय पुसत बसायचा.

"लागलं का गं लग्न?" शेजारच्या टेबलावरून मालनने विचारलं. ती माझ्याबरोबरच संशोधन करायची.

"कसलं लागतंय! बघतच नाही यार तो."

जिन्यात पावलं वाजली आणि नेमका तेव्हाच तो मादीवर चढला. यांना वीसेक मिनिटं लागतात. मध्येच तोडलं तर सगळंच फुकट.

समितीच्या प्रमुख पद्मजाबाई आत आल्या, मागोमाग सर.

"चल, माशी लाव," सर म्हणाले.

"वीस मिनिटं थांबा सर. आत्ताच जुळलंय."

"मला ट्रॉम्बेला पोचायचंय," पद्मजाबाईंनी घड्याळ बघितलं.

"कुंदा, वेडेपणा पुरे." सरांनी कुपीकडे हात नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. चक्क धरलं. "हात लावायचा नाही, सर."

मालन तोंडावर हात ठेवून उभी राहिली. सरांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"दाखवायला काही नसेल, तर मुदतवाढ मिळणार नाही," पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या. "समजतंय ना?"

"समजतंय, मॅडम."

त्या निघून गेल्या. सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला धावले. मला रडू फुटत होतं, पण मी भिंगावरचा डोळा काढला नाही.

शेवटी नर खाली उतरला. मी मादीला दुसऱ्या कुपीत ठेवलं आणि त्याला उचललं. आता दाखवायचं तरी कुणाला होतं? पण मला स्वतःला बघायचं होतं. सर परतले तेव्हा सुई लागली होती. ते ओरडणार, एवढ्यात मी केळ्याच्या वासाचा झोत सोडला. रेघ सरळच्या सरळ.

"मेलाय तो," सर म्हणाले.

मी व्हिनेगरचा झोत सोडला. रेघ ताडकन उसळली.

"पुन्हा दे."

पुन्हा केळं. काही नाही. पुन्हा व्हिनेगर. उसळी. मग सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतः झोत सोडून बघितला. केळ्याला रेघ हललीच नाही.

मग मादीची कुपी उजेडात धरून म्हणाले, "हिची नातवंडं यायला महिना तरी जाईल. रोज बघायला लागेल. उद्यापासून सकाळी जरा लवकर येत जा." इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"महिन्यानंतर मी नसेन, सर," मी म्हटलं. "तुम्हालाच बघावं लागेल."

सरांनी दाराकडे पाहिलं. पद्मजाबाईंची गाडी केव्हाच गेली होती. कुपी तशीच हातात धरून ते बसून राहिले.