युरोप नापास

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरात बेल्जियम नापास झाला. तो सहावा. जर्मनी, नेदरलँड्स, फिनलंड, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क आधीच गेले होते. यादीत उरला होता एकटा पोर्तुगाल आणि माझ्या हातात उरला होता दीड दिवस.

मी दात करते. म्हणजे डॉक्टर पेशंटच्या दाताचं माप घेतात, ते आमच्या लॅबमध्ये येतं आणि मी त्यावर बसणारी टोपी बनवते. पोर्सेलीनचा एक थर, भट्टी, परत थर, परत भट्टी. शेजारच्या दातांशी रंग असा जुळवायचा की बायकोलासुद्धा नवऱ्याच्या तोंडातला खोटा दात ओळखता येऊ नये. एकोणीस वर्षं हेच करतेय. परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एका संस्थेने माझ्या कामाचे फोटो मागवले आणि तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं, "तुम्हाला सात देशांत मागणी आहे. एक निवडा. सोमवारी भाषेचे वर्ग सुरू होतात, शनिवारी एकपर्यंत नाव द्या."

एकोणीस वर्षांत मला कुणी मागणी घातली नव्हती, तीही एकदम सात देशांनी. वयाची अट बेचाळीस. मला पुढच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण होतात आणि पुढची तुकडी सहा महिन्यांनी. तेव्हा हीच वेळ, आणि शेवटची. हे मी घरात सगळ्यांना बोटांवर मोजून सांगितलं होतं.

चूक माझीच झाली. मी नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही जरा बघता का, कुठला देश राहायला बरा?"

आमचे हे बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस आहेत. तयार कड्या शेवटी त्यांच्या टेबलावर येतात. त्यांच्या हातात एक गेज असतं. त्याचं एक टोक कडीत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. गेलं, की कडीवर लाल रंगाचा ठिपका आणि कडी भंगारात. कामगार त्यांना मागून 'नापाससाहेब' म्हणतात. यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. 'चालेल' म्हणणारा माणूस यांच्या मते अर्धा चोर असतो.

अशा माणसाला मी युरोप तपासायला दिला. तीन आठवडे नोकरीवरून आले की ते एक लांब वही उघडून बसायचे. डावीकडे देशाचं नाव, उजवीकडे दोष. गुणांचा रकानाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "गुण तपासत नाहीत. गुण असतातच, म्हणून तर वस्तू टेबलावर येते."

जर्मनी गेला तो फॉर्मपायी. तिथे म्हणे प्रत्येक गोष्टीला फॉर्म भरावा लागतो.

"तुम्हाला तर फॉर्म आवडतात," मी म्हणाले.

"मला दुसऱ्यांनी भरलेले आवडतात."

नेदरलँड्स समुद्राच्या पातळीखाली, म्हणून बाद. मी सांगितलं की लोक तिथे शेकडो वर्षं राहताहेत, कोरडे आहेत. "अजूनपर्यंत," ते म्हणाले आणि पान उलटलं. फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य पुरेसा नाही. ऑस्ट्रियात डोंगर फार. डेन्मार्कमध्ये जो तो सायकलवर, आणि यांचा डावा गुडघा वळत नाही. बेल्जियममध्ये भाषाच दोन-तीन. एक शिकूनही अर्धा देश आपल्याशी बोलणारच नाही, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, असंच चाललं तर या घरातही अर्धी माणसं तुमच्याशी बोलणार नाहीत.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. तेरा वर्षांच्या लेकीची अट एकच, बीजगणित नसलेला देश हवा. सासूबाई आमच्याबरोबर येणार नव्हत्या, दोन गल्ल्या सोडून त्यांच्या मुलीकडे राहणार होत्या. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं आणि ट्रंकही बाहेर काढून ठेवली होती. पण मत त्यांचंही होतं. "कुठले लोक गोड जास्त खातात ते बघ," त्या मला म्हणाल्या. "तिथे दात किडतात. तुला काम राहील." तीन आठवड्यांत कामाचं असं हे एकच वाक्य या घरात बोललं गेलं. ते बोलून त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. ती कवळी मीच केलेली आहे. ती वाटीत गेली की विषय संपला, हे घरातलं लहान मूलही जाणतं.

शुक्रवारी लॅबमध्ये माझ्या हातून एक टोपी भट्टीत तडकली. पुढचा दात होता, वरचा. तडकली कारण भट्टीचा आकडा लावताना मी मनात पोर्तुगालची वकिली करत होते. तेवढ्यात एका डॉक्टरांचा फोन आला की काल पाठवलेली दाढेची टोपी उंच बसतेय. मी म्हटलं, डॉक्टर, साचा निराळा आणि जिवंत माणसाचं तोंड निराळं, जराशी घासा, बसेल. ते म्हणाले, ते माहितेय हो, तुमच्या कानावर घातलं इतकंच. बसलीही.

संध्याकाळी हे घरी आले ते धुमसतच. कारखान्यात एक अख्खी खेप यांनी नापास केली होती आणि वरच्या साहेबांनी ती डेव्हिएशनवर सोडून दिली होती. डेव्हिएशन म्हणजे एक पिवळी स्लिप. वस्तूत दोष आहे, पण तिच्यावाचून काम अडलंय, तेव्हा दोष उघडपणे लिहायचा, प्रत्येक दोषापुढे काय करणार याचा शेरा मारायचा आणि जो वस्तू घेतो त्याने जबाबदारीची सही करायची. त्याखाली तपासनिसाचीही सही लागते, पण हे ती करत नाहीत. ती दुसऱ्या पाळीचा तपासनीस करतो.

"एकवीस वर्षांत एकाही डेव्हिएशनवर माझी सही नाही," ते म्हणाले. आकडा तेवढा वाढतो, वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय. त्या स्लिपांचं जुनं, रद्द झालेलं पुडकं आमच्याकडे पडून असतं आणि मी पाठकोऱ्या बाजूवर सामानाची यादी लिहिते.

मग त्यांनी चहा घेतला, वही उघडली आणि पोर्तुगालला हात घातला. मी समोरच बसले होते. दहा मिनिटांत मान हलली.

"काय झालं?"

"ओल. थंडीत तिथल्या घरांच्या भिंतींना ओल येते."

मी मोरीच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे हातभर ओल आहे. गेल्या वर्षी रंग दिला, तर रंगासकट परत आली.

"ती माहितीची ओल आहे," ते म्हणाले.

माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. तीन आठवडे सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या होत्या, आणि दातांबद्दल मी उगाच बोलत नाही. मी म्हणाले, "अहो, नापाससाहेब, मला कडी नकोय. मला देश हवाय. बिनदोषाचा देश असता तर तिथल्या लोकांनी आपल्याला कशाला बोलावलं असतं? त्यांचे दात किडलेत म्हणून बोलावलंय."

हे तोंडावर 'नापाससाहेब' मी पहिल्यांदाच म्हणाले. लेकीने बीजगणितातून मान वर केली आणि लगेच खाली घातली. हे वही मिटून उठले आणि बाल्कनीत जाऊन कुंड्या इकडच्या तिकडे करत बसले.

शनिवारी सकाळी मी लॅबमधून सुट्टी घेतली. साडेअकरापर्यंत वाट पाहिली. म्हटलं, हा माणूस काहीतरी बोलेल. यांनी पेपर वाचला, मग तोच पेपर उलट्या बाजूने वाचला. शेवटी मी उठले, फ्रीजवरच्या पुडक्यातली एक पिवळी स्लिप काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या छापील बाजूवर लिहायला घेतलं.

वस्तूचं नाव : पोर्तुगाल. दोष : एक, भिंतींना ओल. दोन, पगार बाकी सहांपेक्षा कमी. तीन, भाषा कानाला अवघड. चार, घरापासून फार लांब. दोष असूनही वापरता येईल काय : येईल. जबाबदारी : आणि खाली माझी सही, पूर्ण नावाची.

स्लिप मी त्यांच्या पेपरावर ठेवली. "मी निघाले. एकला संस्थेची खिडकी बंद होते."

त्यांनी ती वाचली. वरून खाली, मग खालून वर. चष्मा पुसला, परत वाचली. मग खिशातलं लाल पेन काढलं.

"यादी अपुरी आहे," ते म्हणाले.

मी पर्स आपटली. "अजून काय राहिलं? तिथली कबुतरं डावीकडून उडतात का?"

ते लिहायला लागले. त्यांचं अक्षर मुंगीएवढं, पण छापल्यासारखं. लिहून झाल्यावर त्यांनी स्लिप माझ्याकडे फिरवली. चौथ्या दोषाखाली लिहिलं होतं :

पाच, नवऱ्याला तिथे काम नाही. वय सत्तेचाळीस. चुका काढण्यापलीकडे काही येत नाही.

सासूबाईंनी वाटीतली कवळी उचलली, पण तोंडात घातली नाही. लेक आपल्या बापाकडे बघत राहिली.

मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी राग आला, खरं सांगते. तीन आठवडे. सहा देश. समुद्राची पातळी, सूर्य, सायकली. आणि सातही देशांत असलेला हा एक दोष यांनी वहीत कुठेच लिहिला नव्हता.

"हे पहिल्याच दिवशी बोलता आलं नाही?" मी विचारलं.

"वहीत रकाना देशाच्या दोषांचा होता," ते म्हणाले. "हा देशाचा दोष नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावर पडलेल्या पेनाच्या टोपीकडे बघत होते. एकवीस वर्षं ज्या हातांनी दुसऱ्यांच्या वस्तू भंगारात टाकल्या ते हात त्यांनी पेपराखाली घेतले होते. हा माणूस मी हवा तेव्हा हवा तेवढा चिडलेला पाहिला आहे, घाबरलेला पाहिला नव्हता. आणि मी मूर्खासारखी भिंतींची वकिली करत बसले होते.

"मला वाटलं, एकेक करत सातही गेले की तू आपणहून सोडून देशील," ते म्हणाले. "काल मोरीची भिंत दाखवलीस तेव्हा कळलं, नाही सोडणार."

"नाहीच सोडणार."

"मग शेरे लिही. पाचही दोषांपुढे शेरा लागतो. नाहीतर स्लिप चालत नाही."

अशा वेळीसुद्धा. मी हात टेकले आणि खुर्ची ओढून बसले. ओलीपुढे लिहिलं, 'सवय आहे.' पगारापुढे, 'भागवू.' भाषेपुढे, 'सोमवारपासून वर्ग.' लांबपुढे, 'फोन.' पाचव्यापाशी पेन थोडं थांबलं. मग मी लिहिलं, 'उंच बसतो. घासून घेऊ.'

त्यांनी ते वाचलं. नाकातून एक आवाज काढला, तो हसण्याचा की कुरकुरीचा ते सांगता येणार नाही. तळाला तपासनिसाच्या सहीची रेघ होती. त्यांनी पेन तिथे टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मग सही केली. छोटी, तिरकी, आणि खाली तारीख.

"आता जा की दोघं," सासूबाई म्हणाल्या. कवळी केव्हा तोंडात गेली ते कळलंच नाही. "बारा वाजून गेले."

हे माझ्या आधी चपला घालून दारात उभे. मी विचारलं, तुम्ही कशाला, तर म्हणाले, तिथला फॉर्म कोण तपासणार. आम्ही जिना उतरू लागलो. त्यांचा डावा गुडघा वळत नाही म्हणून ते एकेक पायरी दोनदा उतरतात आणि मी एक पायरी पुढे राहते.

पहिल्या मजल्यावर ते थांबले.

"उंच म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धा मिलिमीटर."

त्यांनी मनातल्या मनात मोजलं. मला ते दिसलं.

"फार आहे," ते म्हणाले. मग कठडा धरून पुढची पायरी उतरले. "पण चालेल."