ओला दोर

“हात घालू नकोस दादा, चावतं ते,” असं म्हणत बहिणीने दोर आणखी हातभर होडीत ओढून घेतला.

खाडीत असे दोर सोडून ती त्यांवर शिंपले वाढवायची. या दोरावरही शिंपले होते, पण रिकामे. नखाएवढी शिंपल्यांची पिल्लं कडेने फोडून आतलं सगळं खाल्लेलं. मधल्या बेचक्यात एक खेकडा बसला होता, पायांवर आडवे पट्टे असलेला. दादाने तो पाहताक्षणी ओळखला. दोन वर्षांपूर्वी लांबच्या समुद्रातून हौशी लोकांच्या बोटींच्या तळाला चिकटून हे खेकडे त्याच्या बंदरात आले होते. आता धक्क्याचा एक दगड त्यांनी मोकळा ठेवला नव्हता.

“तुमच्याकडचे पाहुणे,” ती म्हणाली.

“पण इथे येतील कसे? तुझ्या खाडीच्या तोंडाशी नुसते खडक. आजवर एक तरी हौशी बोट आत आलीय का?”

“तेच म्हणते मी. पंख फुटले असतील.” ती हसली आणि तिने दोर परत पाण्यात सोडला. “यंदा माझं काही खरं नाही. पण वरच्या खाडीतल्या वहिनींना शब्द दिलाय. तू या खेपेला आणलेत ना, त्यातले दहा दोर शनिवारी नेऊन देते. त्यांचं पाणी अजून स्वच्छ आहे.”

बंदरात त्याला सगळे दोरमास्तर म्हणत. तुटलेला दोर तो असा गुंफायचा, की जोड कुठे आहे ते शोधावं लागे. बोटवाले जुने दोर काढून टाकत. त्यातला धड भाग कापून, जोडून तो बहिणीसाठी ठेवी. दोर सुकला की ताठतो आणि गाठ रुसते, हे त्याला उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून त्याचे दोर कायम समुद्राच्या पाण्याच्या टाकीत असत. दर महिन्याला ओल्या गोणीत भरून, तीन तास बसने, मांडीवर फडकं टाकून तो ते घेऊन जायचा. बहीण थट्टा करायची, “लोकांचे भाऊ खाऊ आणतात, माझा भाऊ दोर आणतो.” पण थांब्यावर उतरल्या उतरल्या गोणी त्याच्या हातून आधी तीच घ्यायची.

शुक्रवारी बंदरावर तपासणीला एक बाई आल्या. बोटींचे तळ खरवडून बाटल्या भरत होत्या. जाता जाता त्या दोरमास्तरच्या टाकीपाशी थांबल्या.

“काका, हे दोर बोटींवरून कधी काढले?”

“आठवडा झाला. इथे बुडवून ठेवतो, मऊ राहतात.”

बाईंनी एक दोर उचलला, पांढऱ्या थाळीवर धरला आणि जोराने झटकला. थाळीत काळे ठिपके पडले. मग एकेक ठिपका चालू लागला.

“चष्मा लावा,” त्या म्हणाल्या. त्याने लावला. मसुराएवढा खेकडा, पायांवर पट्टे.

“एवढी पिल्लं दोराच्या पिळात शिरतात,” बाई सांगू लागल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “ओल असली की पाण्याबाहेरही काही दिवस काढतात. कडक उन्हात चांगला वाळवला असता, तर एक राहिला नसता.”

“ओल्या गोणीत, तीन तास?”

“तीन तास म्हणजे काहीच नाही, काका. का?”

 त्याने खिशातून फोन काढला, पण बोटं ओली होती, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

“चिमणे, ते दोर कुणाला देऊ नकोस.”

“का रे?”

“मी येतोय. आल्यावर सांगतो.”

बसमध्ये त्याने वाक्यं जुळवून पाहिली. बोटवाल्यांवर ढकलता आलं असतं, तिला पटलंही असतं. पण दहा दोर तिच्या अंगणात पडून होते आणि उद्या शनिवार होता.

ओट्यापाशी उभं राहूनच त्याने सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ तिने बंद केला.

“म्हणजे खडकावरून नाही आले.”

“नाही. माझ्या गोणीतून आले.”

“किती दिवसांपासून?”

“खेकडे आले तेव्हापासून. दोन वर्षं. दर महिन्याला.”

तिने हात पुसले, पुसतच राहिली. “आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, दोर असावा तर माझ्या दादाचा.” मग ती अंगणात गेली. त्याला वाटलं, रडेल किंवा बोल लावील. तिने टोपलीतले दहाही दोर काढले आणि कपड्यांच्या तारेवर एकेक पसरून टाकले, टोकं जमिनीला लागणार नाहीत असे. तोही पुढे झाला. दोघांनी मिळून पीळ सैल केले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोर लाकडासारखे झाले. खाली फरशीवर बारीक कवचं पडली होती. ती तिने केरसुणीने गोळा केली आणि चुलीत टाकली.

“वहिनींना काय सांगशील?” त्याने विचारलं.

“जे तू मला सांगितलंस तेच.”

ती त्याला बसपर्यंत सोडायला आली. गोणी तिनेच आणली होती, धुऊन वाळवलेली, चौकोनी घडी घातलेली.

“पुढच्या महिन्यात ये,” ती म्हणाली. “नुसता ये.”

बस निघाली. त्याने सवयीने मांडीवर फडकं टाकलं आणि त्यावर ती कोरडी गोणी ठेवली.