डावा खांदा

हमरापुरात गणपतीचे डोळे आखते ती मी, भाविका. आखणीत माझा हात कोण धरणार नाय, हे मीच सांगते, कारण दुसरं कोण सांगत नाय. म्हणून तर रोह्याहून ऋतुजाचा फोन आला. शाळेतली मैत्रीण ती, जखमी पाखरं सांभाळते.

"टेम्पोतनं पोपट पकडलेत गो. साध्या पोपटांचे खांदे लाल रंगवून महागडे पहाडी म्हणून विकत होते मेले! आता चोचीनं रंग खातात नि मरतात. कसला रंग ते कळलं तरच डॉक्टर औषध देणार. तू रंगातली. ये बघू."

ते पोपट रंगवले होते मीच. गणपती गेले, काम थंडावलं, तेव्हा रितेश नावाचा एक जण पिंजरे घेऊन आला आणि मी मूर्खासारखी हो म्हटलं. आता सांगावं तर पोलीस, न सांगावं तर पाखरं मरणार. लांबून बघायचं, काहीतरी ठोकून द्यायचं नि सुटायचं, असं ठरवून गेले.

शेडमध्ये नुसता कलकलाट. मी दारात पाय ठेवला आणि सगळं चिडीचूप. तीस-चाळीस पोपट एकदम वळले. प्रत्येकानं डावा खांदा माझ्यापुढे केला आणि तसाच धरला.

"अगो बाई!" ऋतुजा कुजबुजली. "एखाददुसरा असं करतो, मला वाटलं आजारानं. सगळे एकदम कधी नाय."

मला ठाऊक होतं. रोज रंगाचा एक हात, डाव्या खांद्यापासून सुरुवात, मग खायला एक मिरची. चौथ्या दिवशी न धरताच खांदा द्यायला लागले होते. तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं मला!

"तुला काय कळतंय का गो यातलं?"

नाय म्हणणारच होते. तेवढ्यात कोपऱ्यात आडवा पडलेला एक दिसला. मान उचलवत नव्हती त्याला. तरी पंख घासत घासत वळला आणि त्यानंही खांदा दिला.

"माझाच रंग हाय," मी म्हटलं. "वर लाल ऑइलपेंट. खाली गेटाला मारतात तो शेंदरी प्रायमर, शिसं असतं त्यात. मूर्तीला आधी अस्तर देतो ना, तीच सवय मेली. कर फोन डॉक्टरला."

तिनं फोन केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ही पहिलीच खेप?"

"तिसरी."

आधीच्या दोन विकल्या गेल्या. कुठल्या घरांत, मला ठाऊक नाय. त्यातला एखादा जगला असला तर पिंजऱ्याजवळ माणूस आलं की डावा खांदा पुढे करत असेल. आणि घरची माणसं म्हणत असतील, बघा, किती माणसाळलाय.