तिसरा आकडा

मला लपवाछपवी खपत नाही. बारामतीच्या आमच्या इंटरनेट कंपनीत माझा नियम साधा होता. डेटा ज्या आठ थांब्यांवरून, म्हणजे राउटरवरून, जायचा, त्या आठांची लेबलं सुरुवातीलाच त्याला चिकटवायची. एसटीच्या पाटीवर गावं लिहितात तशी. अंथुर्णे, वडगाव निंबाळकर, सगळं उघड.

सोमवारी इंदापूरच्या एका दवाखान्यातून येणारी स्कॅनची चित्रं तपासली, तर लेबलं तीनच! पहिली दोन अंथुर्ण्यापर्यंतची, ओळखीची. तिसरा आकडा २४०१७. आमच्या कुठल्याच थांब्याचा हा आकडा नाही. पुढचे सहा थांबे गायब. बदल केला होता माझ्या हाताखालच्या सुयोगने. त्यात आठवडाभर फोन आला की हा जिना उतरून खाली जायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. आपला डेटा दुसऱ्या कंपनीकडे वळवतोय, दुसरं काय!

त्याला विचारणं म्हणजे सावध करणं. मी पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या विजयमाला मॅडमना थेट मेल टाकला, सुयोगवर माझा भरवसा राहिलेला नाही म्हणून. मग अंथुर्ण्यावरचा तो आकडा उडवला आणि इंदापूरला आठही लेबलं स्वतः भरली. फार बरं वाटलं.

दहा मिनिटांत दवाखान्यातून डॉक्टर ज्योत्स्नांचा फोन. "अहो नारायणराव, चित्रं अर्धीच पोचतायत! डोक्याला मार लागलेला पेशंट आहे, बारामतीचे सर्जन खोळंबलेत. काय केलंत तुम्ही?"

सुयोग धावत आला. स्क्रीन बघून त्याने कपाळावर हात मारला.

"सर, इंदापूरचा राउटर जुना हाय. पाचाच्या वर लेबलं त्याला लावताच येत न्हाईत. म्हणून तीन दिली. तिसरं लेबल अंथुर्ण्याचा राउटर काढतो अन् त्याच्या जागी पुढची सहा लावतो. तुमी आठ भरली, त्यानं सगळीच सोडली. आता लेबलाबिगर चित्रं नेहमीच्या जवळच्या वाटनं चाललीत, अन् तितं खोदकामात तार दुखावलीय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा आलो सांगाया. तुमी म्हणालात, आठ म्हंजे आठ."

म्हणालो होतो. खाली जाऊन घेतलेल्या त्या फोनांचं विचारायची मला लाज वाटली.

त्याने खुर्ची ओढून पासवर्ड टाकला. चालेना. पुन्हा टाकला. मॅडम मेल वाचायला उशीर करत नाहीत; त्याचा पासवर्ड बंद झाला होता. तो माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी काय केलं ते सांगून टाकलं. खोटं बोलायलाही जीभ वळेना.

"बसा तुमी," तो उठत म्हणाला. "मी सांगतो, तुमी टाईप करा."

आधी अंथुर्ण्यावर तो आकडा, मग सहाही थांबे, क्रमाने, कागद न बघता, शेवटी इंदापूरला पुन्हा तीनच लेबलं. मी टाईप करत गेलो. फोनवर डॉक्टर "आलं, पूर्ण आलं" म्हणाल्या.

मी मॅडमचा नंबर लावायला घेतला. सुयोग आपली पिशवी भरत होता.

"ते नंतर करा, सर. आधी कागद घ्या अन् हे समदं लिहून ठेवा. उद्या कुणाला विचाराल?"