पुली का निघेना

सासरी तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. पेशाने ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून प्रश्न विचारायचे आणि उत्तरादाखल नुसतं 'आं आं' ऐकायचं. मग उरलेले प्रश्न घरी येणारच, असं तिचा नवरा म्हणे.

त्या रविवारी सकाळी ती गाडी घेऊन धाकट्या दिराच्या गॅरेजमध्ये आली. गाडी जुनी, तीन वर्षांपूर्वी जमीनमोजणी खात्यातल्या एका निवृत्त मोजणीदाराकडून घेतलेली. हल्ली ती जिथे उभी राही तिथे तेलाचे थेंब पडत.

"इंजिनाच्या पुलीमागचं, तेल अडवणारं सील गेलंय," दीर गाडीखालून म्हणाला. "पुली काढायची, सील बदलायचं. दोन तासांचं काम. तुम्ही घरी जा, वहिनी."

"घरी काय करू? बसते इथेच." तिने एक स्टूल ओढलं.

दीर मनातल्या मनात कपाळावर हात मारून कामाला लागला. माणूस आडदांड, पण बोलायला महाग. त्याने पुढचं चाक काढलं, पान्याला लांब पाइप लावला आणि पुलीच्या मधला बोल्ट करकरवत सोडवला.

"झालं. आता हाताने येईल."

हाताने ती आली नाही. त्याने तेल सोडलं, लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी ठोकलं, थोडा वेळ थांबून पुन्हा ठोकलं. पुली ढिम्म.

"का निघत नाहीये, भाऊजी?"

"गंजली असेल."

"पण तिथे तर तेल गळतंय ना? तेलात गंज कसा धरेल?"

दिराने हातोडी खाली ठेवली. वाकून पाहिलं. गंजाचा मागमूस नव्हता. पुलर आणताना त्याच्या पायांचा आवाज वाढला होता.

पुलर म्हणजे पुलीला दोन बोल्टांनी धरून मधला स्क्रू आवळत ती बाहेर खेचणारं अवजार. त्याने ते बसवलं आणि आवळायला सुरुवात केली. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, आणि 'टण्ण' असा आवाज होऊन पुलरचा एक बोल्ट तुटून भिंतीवर आदळला.

"च्यायला!" दीर ओरडला. मग वहिनी समोर आहे हे आठवून त्याने जीभ चावली. "गरम करावी, तर आत रबराची रिंग आहे, ती वितळेल. आता कापूनच काढतो."

"जरा थांबा. दात निघत नसला की मी ओढायचं थांबवते. मूळ कुठे वाकलंय ते आधी बघते."

"हा दात नाही, वहिनी."

"ते दिसतंय मला. पण बघायला काय जातंय?"

तिचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. वीस मिनिटांत ती कपाळावर बांधायचा दिवा, छोटा गोल आरसा आणि टोकदार सळई घेऊन परतली. तोवर दिराचा चहा पिऊन झाला होता, आणि रागही निम्मा उतरला होता. तिच्या सांगण्यावरून त्याने पुलीचं तोंड रॉकेलने लख्ख पुसलं. आता इंजिनाचा दांडा आणि त्यावर बसलेली पुली यांच्यामधली केसाएवढी गोल फट दिसू लागली.

तिने सळईचं टोक त्या फटीत धरलं आणि हळूहळू फिरवलं. टोक फटीत अडकत, खरखरत चाललं होतं. एका ठिकाणी मात्र ते गुळगुळीत सरकलं.

"भाऊजी, इथे फटच नाही."

"असं कसं होईल?"

"तुम्हीच बघा."

त्याने दिवा स्वतःच्या कपाळाला बांधला. आरसा तिरका धरून बराच वेळ पाहिलं. फटीच्या बरोबर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी एक चकती होती. अर्धी दांड्यात, अर्धी पुलीत. कानशीने घासून इतकी सपाट केलेली, की तिचं अस्तित्वच कळू नये.

दिराने शीळ घातली.

"स्क्रू आहे, वहिनी! आतली चावी तुटली असणार. चावी म्हणजे पुलीला दांड्याबरोबर फिरवणारा तुकडा. ती नाही म्हणून कुणीतरी फटीतच भोक पाडून, आटे काढून स्क्रू पिळलाय. दोघांचे हात एकमेकांत गुंतवले की हो! मी जन्मभर ओढत बसलो असतो." त्याचा आवाज बदलला होता. "हाडाचा कारागीर असणार."

"कोण?"

"ते मला काय माहीत?"

तिने लगेच मोजणीदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू करून स्क्रूबद्दल विचारलं.

"अजून आहे तो स्क्रू?" म्हातारा पलीकडून हसला. "अकरा वर्षं झाली! माळरानावर गाडी बंद पडली होती. चिटपाखरू नाही. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक माणूस सायकलवरून चालला होता, तो थांबला. दिवस मावळेपर्यंत खपला बिचारा. म्हणाला, हे तात्पुरतं आहे, घरी पोचलात की नीट करून घ्या. गाडी चालत राहिली, मी विसरलो."

"त्यांचं नाव काय होतं?"

"विचारायचंच राहिलं हो," मोजणीदार म्हणाला. "त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली मी, पण नाव नाही विचारलं."

दिराने बारीक ड्रिल लावलं आणि श्वास रोखून स्क्रूचा भुगा करत आत गेला. मग नवा बोल्ट घालून पुलर लावला आणि जेमतेम एक फेरा दिला. पुली अशी अलगद सुटली, की तो तिला पोटाशी धरून धपकन खाली बसला. वहिनी हसली, मग तोही हसला. आत चावीची खाच फाटलेली होती.

सील बदललं. खाच काही दुरुस्त होण्यातली नव्हती, म्हणून त्याने तीच युक्ती पुन्हा केली. पण नव्या जागी आणि एकाऐवजी दोन स्क्रू लावून. ते त्याने घासून सपाट केले नाहीत. पेचकस बसेल अशा खाचा ठेवल्या आणि शेजारी पिवळ्या रंगाचे दोन ठिपके दिले.

"हे ठिपके कशाला?"

"पुढच्याला कळायला नको?"

इंजिन सुरू झालं. अर्धा तास झाला तरी खाली अंथरलेला कागद कोरडा होता. ती निघणार, तेवढ्यात दिराने हात पुसत तिच्याकडे फोन मागितला.

"मोजणीदारसाहेब, मी गॅरेजवाला बोलतोय. त्या पंपवाल्याकडे ड्रिल कसलं होतं हो? हाताने फिरवायचं? आणि चाक काढलं होतं की खालून काम केलं? नाही, नाही, सावकाश आठवा. मला काही घाई नाही."

वहिनीने इंजिन बंद केलं आणि पुन्हा स्टूल ओढलं.